नवी म्हणून सांगितलेली बॅटरी

शाग्दरच्या गाडीचा मूळ रंग कोणता, यावरून टेकडीवर दोन तट होते. एक तट म्हणे चंदेरी, दुसरा म्हणे फिका हिरवा. खुद्द शाग्दरला विचारलं तर तो खिडकीतून हात बाहेर काढून पत्र्यावर थाप मारी आणि म्हणे, "धुराचा." हिवाळ्यात उलानबातरच्या टेकड्यांवर जेवढ्या गेरच्या, म्हणजे गोल तंबूघरांच्या, धुराड्यांतून कोळशाचा धूर निघतो, तो सगळा आपल्याच गाडीवर येऊन बसतो, असं त्याचं म्हणणं. गाडी हायब्रिड होती. जपानात कुणीतरी मनसोक्त वापरून काढून टाकलेली, पेट्रोलवर आणि विजेवर दोन्हीवर चालणारी. तशा गाड्या शहरात मुंग्यांसारख्या. भर थंडीत, उणे पस्तीसमध्ये, बाकीच्या गाड्या खोकत-कण्हत बसतात तेव्हा या बटण दाबलं की निमूट निघतात, म्हणून टॅक्सीवाल्यांचा त्यांच्यावर जीव.

शाग्दरही टॅक्सीवालाच. साठीला टेकलेला, खांदे पहिलवानाचे आणि गुडघे कारकुनाचे. तरुणपणी तो लोकरीचा ट्रक चालवत असे. तेव्हाची एक गोष्ट टेकडीवर अजून सांगतात. एकदा गोबीतून लोकरीच्या गाठी भरून तो शहरात आला आणि गाठी उतरवताना आतून एक जिवंत करडू निघालं. उबेला जाऊन झोपलं असणार. दुसरा कुणी असता तर त्याच संध्याकाळी चूल पेटवून मोकळा झाला असता. शाग्दर पुढच्या खेपेला ते करडू शेजारच्या सीटवर बसवून परत घेऊन गेला आणि ज्याचं त्याला दिलं. वाटेत करडानं त्याची टोपी खाल्ली. मालकानं नवी टोपी देऊ केली तर म्हणाला, "टोपी माझ्या चुकीनं गेली, मी डोक्यावर ठेवायला हवी होती." तेव्हापासून शाग्दर सांगतो म्हणजे ते खरं, असा लोकांचा विश्वास. आणि त्यानं तो कधी मोडलाही नव्हता.

दोष होता तो थट्टेचा. जिभेला हाड नाही म्हणतात तसला माणूस. कुणाच्या व्यंगावर, कुणाच्या फजितीवर त्याला असं काही सुचायचं की चहाच्या टपरीवर ड्रायव्हर लोक पोट धरून हसायचे, आणि ज्याच्यावर बोललं तोही हसायचा, कारण न हसून जातो कुठे.

दोन हिवाळ्यांपूर्वी शेजारच्या बदार्चच्या गाडीची मोठी बॅटरी गेली. बदार्चही टॅक्सीवाला, शांत, कमी बोलणारा. त्यानं नवी न घेता जुळवलेली घेतली. म्हणजे मेलेल्या बॅटऱ्या उघडायच्या, त्यांतल्या अजून जिवंत असलेल्या कांड्या निवडायच्या, सारख्या ताकदीच्या अठ्ठावीस एकत्र बांधायच्या आणि पुन्हा पेटीत घालायच्या. शाग्दरला ही बातमी कळली मात्र.

"बदार्चच्या डिकीत अठ्ठावीस मेलेल्या घोड्यांची हाडं आहेत," तो टपरीवर म्हणाला. "चढ आला की गाडी खिंकाळत नाही, एकमेकांच्या नावानं रडते."

टपरी हसून हसून पडली. त्या दिवसापासून बदार्चचं नाव पडलं हाडवाला. फोनवर लोक विचारू लागले, "हाडवाला मोकळा आहे का?" बदार्चची बायको दुकानात गेली तर दुकानदारीण म्हणे, "हाडवाल्याकडच्या ना तुम्ही?" शाग्दरला याचा फार आनंद. एखाद्या कवीला आपली ओळ दुसऱ्याच्या तोंडून ऐकून होतो तसा.

आणि मग यंदा, थंडी नुकती कडक झाली होती तेव्हा, शाग्दरच्या गाडीत लाल त्रिकोणाचा दिवा लागला.

मागे एक बाई बसली होती, मांडीवर अंड्यांचे ट्रे घेऊन. चढाच्या मध्यावर गाडीनं दम टाकला. बाईनं पुढे वाकून त्रिकोण पाहिला.

"ग्वाई," वडीलधाऱ्याला म्हणतात तसं ती म्हणाली, "हा दिवा माझ्या नवऱ्याच्या गाडीतही लागला होता."

"मग काय केलंत?"

"आता त्या गाडीत कोंबड्या असतात," ती म्हणाली, आणि ट्रे सांभाळत उतरून चालू लागली.

शाग्दर गाडी कशीबशी उतरणीला लावून उंद्राखच्या गॅरेजात घेऊन गेला. उंद्राख म्हणजे पस्तिशीची बाई, कानावर पेन्सिल, हातात रबरी मोजे. शहरातल्या निम्म्या हायब्रिड गाड्यांची पोटं तिनं उघडून पाहिलेली. तिनं तपासलं आणि सांगितलं, बॅटरी गेली. फळीवर दोन पेट्या होत्या. एक कोरी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. दुसरी तिनं स्वतः जुळवलेली.

"नवी घेतलीस तर तीन वर्षं हमी, माझं तोंड बघायला नको," ती म्हणाली. "जुळवलेलीची सहा महिने. तिच्यात एखादी कांडी बाकीच्यांआधी दमणार. दमली की ये, तेवढी बदलून देते. किंमत नवीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी."

"तू माझ्या जागी असतीस तर?"

तिनं गाडी लिफ्टवर वर घेतली आणि दिव्याचा झोत तळावर टाकला. शाग्दर खाली वाकला. पत्र्याला गंज असा लागला होता की एका जागी त्याला आपल्याच सीटचं कापड दिसलं.

"ही गाडी अजून दोन हिवाळे काढेल. फार तर तीन," ती म्हणाली. "नवी बॅटरी आठ-दहा काढेल. मग ती काय गेरच्या खांबाला बांधणार आहेस? आणि एक सांगते, दुसऱ्या कुणाकडे नवी घ्यायला गेलास तर बघून घे. गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलेलीही नवीच म्हणून विकतात."

हिशेब सरळ होता. शाग्दर म्हणाला, "जुळवलेली घाल." यात चोरी नव्हती, कमीपणा नव्हता. शहाण्या माणसानं हेच केलं असतं, आणि दोन हिवाळ्यांपूर्वी एका शहाण्या माणसानं केलंही होतं.

तेवढ्यात फोन वाजला. त्याची बायको दोल्गोर. मागे भांड्यांचा आवाज, माणसांचा आवाज. ती बदार्चकडे चहाला बसली होती.

"काय झालं? बदार्च विचारतोय, नवी घातलीस का हाडं?"

मागून कुणीतरी हसलं. बदार्चच असावा. सहज, शेजारधर्मानं हसलं होतं. त्यात डंख नव्हता. पण शाग्दरच्या कानात ते हसणं टपरीएवढं मोठं झालं.

"नवी," तो म्हणाला.

उंद्राखनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

आता खोटं म्हणावं तर केवढंसं. बॅटरी डिकीच्या तळाखाली, लोखंडी पेटीत. कुणाच्या डोळ्यांना पडणार? पण दोल्गोर पडली नेमाधर्माची. घरात नवा खिळा आला तरी त्याला दूध लावल्याशिवाय भिंतीत ठोकायची नाही. तिनं परस्पर गोम्बो ग्वाईंना सांगून टाकलं, की आमच्या गाडीत नवीकोरी बॅटरी आली आहे, येऊन आशीर्वाद द्या.

गोम्बो ग्वाई म्हणजे बदार्चचे वडील. ऐंशीच्या घरातले, काठीसारखे सरळ. टेकडीवर नवं गेर उभं राहो, पोराचं जावळ काढणं असो, लग्न असो, आशीर्वाद म्हणायला तेच. त्यांच्या ओळी सगळ्या एकाच अक्षरानं सुरू व्हायच्या, एकीच्या खांद्यावर दुसरी चढायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, आपल्याकडची ही फाटकी वस्तू म्हणजे खानाच्या तंबूतली आहे. त्यांचा त्यातला नियम फार कडक. त्यांच्या गुरूनं त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी टेकडीवर प्रत्येकाला ऐकवलं होतं: आशीर्वादात खोटा शब्द घालायचा नाही. वस्तूला काही छुपा इतिहास असेल तर जीभ अडखळते. तो दोष वस्तूचा. पण स्वच्छ, कोऱ्या वस्तूवर जीभ अडखळली, तर दोष जिभेचा. मग ती जीभ मिटवून ठेवायची.

त्या रविवारी सकाळी शाग्दर अंगणात एकटा उतरला आणि त्यानं पेट्रोलच्या बोळ्यानं ती लोखंडी पेटी घासून घासून पुसली. चकचकीत केली. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गोम्बो ग्वाई निळा रेशमी देल, पायघोळ अंगरखा, घालून आले. दोल्गोरनं दोन्ही हातांवर निळा खदग, मानाचा रेशमी पट्टा, धरला आणि त्यावर चांदीच्या वाटीत दूध. मागे बदार्च आणि त्याची बायको, आणखी दोन शेजारी. डिकी उघडली, गालिचा उचलला. म्हाताऱ्यानं अनामिका दुधात बुडवून पेटीवर एक थेंब ठेवला आणि सूर लावला.

"हिमासारखी शुभ्र, हिरव्या कुरणासारखी ताजी,
हरणाच्या पाडसासारखी चपळ,
हात न लागलेली, हि—"

आणि थांबले. थंडी भयंकर होती, दात वाजत होते, त्यातच गाडीचा पंखा कुठेतरी घुरघुरला. कशानं थांबले कोण जाणे. त्यांनी पुन्हा मागून सुरुवात केली. "हात न लागलेली," म्हणाले, आणि पुढे शब्द येईना. तोंड उघडं, डोळे पेटीवर. शाग्दर बुटाच्या टोकानं बर्फ उकरत राहिला. म्हाताऱ्यानं कशीतरी शेवटची ओळ म्हटली, वाटी खाली ठेवली, आणि चहा अर्धा टाकून घरी गेले.

"थंडीनं झालं," दोल्गोर म्हणाली.

"थंडीनंच," शाग्दर म्हणाला.

नंतर जावळाचं एक बोलावणं आलं. गोम्बो ग्वाई गेले नाहीत. मग एका घराचं आलं. तेव्हा म्हणाले, दुसऱ्या कुणाला बोलवा. शाग्दरच्या कानावर हे येत होतं आणि तो ते कानाबाहेर ठेवत होता. शेवटी एका संध्याकाळी बदार्चच येऊन चुलीजवळ बसला. पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, आधी त्याच्या मुलाचं लग्न होतं. अंगणात नवं गेर उभं करायचं होतं.

"म्हातारा नातवाच्या लग्नात आशीर्वाद म्हणणार नाही म्हणतो," बदार्च म्हणाला. "म्हणतो, माझी जीभ संपली. कोऱ्या वस्तूवर अडखळलो. पोरगं तर रडायला आलंय. आता शहरातला कुणीतरी माइक घेऊन येणार आहे, म्हणे."

शाग्दर चुलीत शेणी सारत राहिला.

"मला वाटतं डोक्याचं काही असेल. वय झालं," बदार्च म्हणाला. "उद्या मला गेरवर घालायचा नमदा आणायला जायचंय. तू त्यांना दवाखान्यात नेशील? तुझी गाडी भरवशाची. नवी बॅटरी घातलीस, बरं केलंस. माझ्यासारखी हाडं नाही गोळा केलीस."

असं म्हणून तो हसला. स्वतःवर हसला. शाग्दरला वाटलं, चुलीचं दार उघडं आहे, त्यातच डोकं घालावं. तो म्हणाला, "नेतो."

दुसऱ्या दिवशी वाटेत त्यानं दोनदा घसा साफ केला. मागच्या सीटवर गोम्बो ग्वाई टोपी मांडीवर घेऊन बसले होते. पंख्याची जाळी त्यांच्या कुशीपाशीच होती.

"ही घुरघुर काय आहे रे?"

"बॅटरीचा पंखा, ग्वाई."

"नवी असून दमते," म्हातारा म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "का माझे कानही गेले?"

शाग्दरनं सिग्नल हिरवा झालेला पाहिला नाही. मागच्यानं हॉर्न वाजवला.

डॉक्टरीण तरुण होती, मायाळू होती, घाईत होती. तिनं शाग्दरला मुलगा समजून आत बोलावलं. म्हाताऱ्याला विचारलं, आत्ता ऋतू कोणता?

"तुमच्या खिडकीला बोटभर बर्फ आहे," गोम्बो ग्वाई म्हणाले. "मला विचारता?"

"शंभरातून सात-सात वजा करत या."

"मेंढ्या म्हणू का? लांडग्यानं रोज सात नेल्या असं धरतो." आणि त्यांनी न चुकता सगळ्या मेंढ्या लांडग्याला देऊन टाकल्या. उरलेल्या दोन कोल्ह्याला.

डॉक्टरीण हसली. मग म्हणाली, "काही पाठ असेल तर म्हणून दाखवा. गाणं, काहीही."

म्हाताऱ्याचा चेहरा मिटला. "होतं पाठ," ते म्हणाले. "आता माझं नाही ते."

तिनं आग्रह केला. त्यांनी मान हलवली. मांडीवरची टोपी ते गोल फिरवत राहिले, जसं काही तिला कुठे दार आहे आणि ते सापडत नाही. डॉक्टरीण शाग्दरकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ही सुरुवात असू शकते. गोळ्या सुरू करू. यांना आता एकटं बाहेर सोडू नका. विसरायला कधीपासून लागले?"

शाग्दरनं तोंड उघडलं. दाराशी पुढचे रुग्ण उभे होते, एक बाई आत डोकावत होती.

"डॉक्टर," तो म्हणाला, "हे काही विसरलेले नाहीत. माझी बॅटरी जुनी आहे."

डॉक्टरीण त्याच्याकडे पाहत राहिली. बहुधा आता याचंही नाव लिहून घ्यावं का, या विचारात पडली असावी.

"गाडीची," शाग्दर म्हणाला. मानेपासून कानांपर्यंत तो तापला होता. "जुळवलेली आहे. मी नवी म्हणून सांगितलं. यांनी तिला आशीर्वाद दिला आणि जीभ अडली. त्यांना वाटलं दोष त्यांचा. दोष वस्तूचा होता. माझा होता."

दाराशी डोकावणाऱ्या बाईनं शेजारणीला विचारलं, "काय झालंय त्याला?"

गोम्बो ग्वाईंनी टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली, डॉक्टरणीला वाकून नमस्कार केला आणि उठून चालू लागले.

आवारात गाडीपाशी ते थांबले. "उघड," म्हणाले.

शाग्दरनं डिकी उघडली, गालिचा बाजूला केला.

"चमकते कशानं?"

"पुसली होती. पेट्रोलनं."

"मला दाखवायला?"

"हो."

म्हातारा पेटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझं पोर दोन वर्षं घरी येऊन सांगायचं, बाबा, आज शाग्दर काय बोलला ऐका. जेवताना सांगायचं. हसून सांगायचं. तुला वाटलं असेल, आम्ही सगळे हसत होतो." त्यांनी स्वतःच्या हातांनी गालिचा सारखा केला. "मी कुणाला काही सांगणार नाही. आणि मला सांगायला लावूही नकोस."

शाग्दर गाडी घराकडे घेऊन निघाला. शाग्दरला वाटत होतं, म्हाताऱ्यानं शिव्या द्याव्यात, काठीनं सीट बडवावी. त्यातलं काही झालं नाही.

बदार्चला एकट्याला गाठून सांगता आलं असतं. दोल्गोरनंही तेच सुचवलं. तिला त्यानं आदल्या रात्री सांगितलं होतं, आणि ती एवढंच म्हणाली होती, "माझ्या हातातल्या दुधानं?" पण नाव जिथे पडलं होतं ती जागा टपरी होती. शाग्दर दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे गेला. सगळे ड्रायव्हर होते, बदार्चही होता, समोर मांस भरून उकडलेल्या बूझची थाळी वाफाळत होती. शाग्दर बसला नाही. उभ्या उभ्या त्यानं सांगितलं, की माझ्या गाडीत जुळवलेली आहे, पहिल्या दिवसापासून, आणि मी खोटं बोललो.

त्यानं मनाची तयारी केली होती. हसतील, नाव ठेवतील, वर्षभर पुरेल इतकं बोलतील. त्याला ते हवंच होतं. कुणीतरी सुरुवातही केली, "म्हणजे आता दोन हाडवा—"

"पुरे," बदार्च म्हणाला. मोठ्यानं नाही. पण तो माणूस गप्प झाला.

मग बदार्चनं थाळी शाग्दरकडे सरकवली. "उंद्राखकडची आहे का?"

"हो."

"मग चांगली आहे. माझीही तिचीच. वसंतात पंख्याची जाळी साफ करून घे, बकऱ्यांचे केस अडकतात आत. त्यानंच तापते ती."

शाग्दरनं एक बूझ उचलला. गरम रस्सा ओठांवरून हनुवटीवर आला, तो त्यानं पुसलाही नाही. ज्या माणसाला आपण दोन वर्षं एक दिवस सोडलं नाही, त्यानं आपल्याला एका शब्दात सोडलं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. बूझ उतरला, ते उतरलं नाही. टपरीवर त्यानंतर तो बरेच दिवस गेला, बसला, इतरांच्या गोष्टी ऐकल्या. कुणाच्या फजितीवर काही सुचलं की ते ओठांपर्यंत यायचं आणि त्याची नजर आपोआप बदार्चकडे जायची. मग तो चहाच प्यायचा.

लग्नाच्या दिवशी माइकवाला आला नाही. त्याला येऊ नकोस म्हणून कळवलं होतं. नवं गेर पांढऱ्याशुभ्र नमद्याचं, आत लाकडाचा वास. गोम्बो ग्वाई मधोमध उभे राहिले आणि छपराच्या वर्तुळातून दिसणाऱ्या आभाळाकडे पाहून त्यांनी सूर लावला. काय म्हणाले म्हातारबुवा त्या दिवशी. खांबापासून उंबऱ्यापर्यंत, दोरीपासून चुलीपर्यंत, एकेका वस्तूला हाक मारत गेले, आणि ओळी एकमेकींचा हात धरून मागून येत राहिल्या. दाराच्या चौकटीपाशी आले तेव्हा म्हणाले, "हात न लागलेली, हिवाळा न पाहिलेली." एकदाही अडखळले नाहीत. नवरी रडत होती, बदार्च रडत होता.

शाग्दर दाराजवळ, सरपणाच्या पेटीशेजारी बसला होता. मानाच्या बाजूला दोघांनी बोलावलं होतं, पण तो गेला नाही. त्या ओळीला त्यानं मान खाली घातली ती आशीर्वाद संपेपर्यंत वर केली नाही. शेजारच्याला वाटलं, भाविक माणूस.

मग तपकिरीच्या बाटल्या फिरू लागल्या. एकेक जण म्हाताऱ्यापुढे वाकून, दोन्ही हातांनी आपली बाटली देई, त्यांची घेई. शाग्दर सगळ्यांच्या शेवटी उठला. गुडघे कुरकुरले. त्यानं बाटली पुढे धरली आणि गोम्बो ग्वाईंनी ती लगेच घेतली नाही. गेरमधले सगळे बघत होते, किंवा कुणीच बघत नव्हतं. त्याला वर बघायचं धैर्य नव्हतं.

म्हाताऱ्यानं बाटली घेतली, झाकण काढलं, नाकाशी नेली.

"ताजी आहे ना रे?" ते म्हणाले.

दोन-चार जण हसले. एवढ्यात हसण्यासारखं काय होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. लग्नघर होतं, हसले.

"नाही, ग्वाई," शाग्दर म्हणाला. "गेल्या वर्षीची आहे."

गोम्बो ग्वाईंनी मान डोलवली, आणि एक चिमूट घेतली.